एका फुटात चौसष्ट छिद्रे

महाशिवरात्रीच्या सुमारास तापी-पूर्णेच्या संगमाकडे चांगदेवाची आणि मुक्ताबाईची यात्रा भरते. आजचे मुक्ताईनगर तेव्हा एदलाबाद म्हणून ओळखले जाई. आमच्या लहानपणी यात्रेत पाळणे, भेळ आणि भांड्यांच्या दुकानांबरोबर तंबूतला सिनेमाही येई. एका वर्षी तंबूत प्रभातचा १९४० सालचा ‘संत ज्ञानेश्वर’ पाहिल्याचे आठवते. वाघावर बसलेल्या चांगदेवांना सामोरी जाण्यासाठी चारही भावंडे भिंतीवर बसतात आणि भिंत चालू लागते. चांगदेव आमच्या पंचक्रोशीतले आणि मुक्ताबाईही आमचीच, त्यामुळे तंबूत जो गलका झाला तो इतर गावांत झाला नसेल. दुसऱ्या दिवशी सकाळी तंबूमागच्या कचऱ्यात आम्हाला वीतभर फीत सापडली. तिच्यात कुणा अनोळखी नटाचा हात होता आणि तोच हात खाली-खाली पाच-सहा वेळा छापलेला होता. एकही चित्र हलत नव्हते. दोन्ही कडांना मात्र चौकोनी भोकांची रांग होती.

ती फीत आम्ही जपून ठेवली. पुढे शिक्षक झाल्यावर वर्गात तिचा फार उपयोग झाला. आता चित्रपटगृहांत रिळे येत नाहीत, पण जुन्या फितीचा तुकडा एखाद्या घरात, एखाद्या जुन्या फोटो स्टुडिओत अजून मिळतो. मिळाल्यास तो मुलांच्या हाती द्यावा आणि शेजारी पट्टी ठेवावी. फितीची रुंदी ३५ मिलिमीटर भरते. दोन छिद्रांमधले अंतर, म्हणजे एकाच्या वरच्या कडेपासून दुसऱ्याच्या वरच्या कडेपर्यंत, पावणेपाच मिलिमीटरच्या आसपास असते. एका चित्राच्या वाट्याला प्रत्येक बाजूला चार छिद्रे येतात, म्हणजे एका चित्राची उंची १९ मिलिमीटर होते. फुटाने मोजले तर हिशेब अगदी सुटसुटीत होतो. एका फुटात प्रत्येक बाजूला ६४ छिद्रे आणि १६ चित्रे. मूकपटाच्या काळात सेकंदाला साधारण १६ चित्रे दाखवीत. म्हणजे एका सेकंदाला एक फूट फीत! हे एवढे नाते लक्षात ठेवले तर जुन्या सिनेमाच्या पुष्कळ सुरस कथा घरबसल्या तपासता येतात. या लेखात आम्ही तेच करणार आहोत.

हे माप ईश्वरदत्त नव्हे. अमेरिकेत एडिसनच्या प्रयोगशाळेत डिक्सन नावाच्या सहकाऱ्याने ईस्टमनची ७० मिलिमीटर रुंदीची फीत मधोमध कापून वापरली आणि प्रत्येक चित्रासाठी चार-चार छिद्रे पाडली. फ्रान्समध्ये ल्युमिएर बंधूंनी मात्र प्रत्येक चित्राला दोन बाजूंना एक-एक गोल छिद्र ठेवले. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात जो खेळ झाला आणि ज्यापासून आपल्या देशातील सिनेमाचा इतिहास मोजतात, ती फीत अशा गोल छिद्रांची होती. पुढे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादांनी येथे चित्रण सुरू केले. डिसेंबर १९०१ मध्ये रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले त्या प्रसंगाची फीतही त्यांनी घेतली. भारतातल्या अगदी पहिल्या वार्ताचित्रांपैकी एकाचा नायक गणिताचा विद्यार्थी होता, हे गणिताच्या शिक्षकांनी वर्गात जरूर सांगावे. असो. गोल विरुद्ध चौकोनी या स्पर्धेत चौकोनी छिद्रे जिंकली आणि १९०९ पर्यंत ३५ मिलिमीटर व चार छिद्रे हे माप जगभर मान्य झाले.

धुंडिराज गोविंद फाळके सिनेमाकडे वळले ते यानंतर लगेच. १८७० मध्ये त्र्यंबकेश्वरला जन्म, जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण, मग छायाचित्रण, पुरातत्त्व खात्यात नोकरी, शिळाछाप, ब्लॉक बनवण्याचा छापखाना आणि मधूनमधून जादूचे प्रयोग. मुंबईत ख्रिस्तचरित्राचा मूकपट पाहून त्यांनी कृष्णचरित्र पडद्यावर आणण्याचा ध्यास घेतला, ही गोष्ट पाठ्यपुस्तकांतूनही येते. त्या मानाने पाठ्यपुस्तकांत न येणारा भाग आम्हाला अधिक मोलाचा वाटतो. विम्याच्या पॉलिसी तारण ठेवून पैसे उभे करून फाळके १ फेब्रुवारी १९१२ रोजी लंडनला निघाले. तेथे ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाच्या संपादकांनी त्यांना सेसिल हेपवर्थ यांच्या वॉल्टन येथील स्टुडिओत नेले. एप्रिलच्या आरंभी ते परतले तेव्हा त्यांनी तीन गोष्टींची खरेदी केली होती: पन्नास पौंडांचा विल्यमसन कॅमेरा, कोडॅकची कच्ची फीत आणि फितीला छिद्रे पाडण्याचे यंत्र. त्या काळी कच्ची फीत कडा कोऱ्या ठेवून विकत, छिद्रे ज्याची त्याने पाडायची. फाळक्यांच्या सामानातली ही तिसरी वस्तू चरित्रांतून एका ओळीत उरकली जाते. आमच्या मते ती पहिल्या ओळीत हवी.

पैसे देणाऱ्यांचा विश्वास बसावा म्हणून फाळक्यांनी आधी एक छोटी फीत केली. तिचे नाव ‘अंकुराची वाढ’. कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरून समोर कॅमेरा ठेवला आणि अंकुर फुटून वेल वर चढेपर्यंत चित्रे घेतली. पडद्यावर महिनाभराची वाढ मिनिटभरात दिसली. छायाचित्रण-साहित्याचे व्यापारी यशवंत नाडकर्णी ती पाहून प्रभावित झाले आणि भांडवलाची वाट मोकळी झाली. हिंदी पौराणिक चित्रपटांचा जन्म वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगातून झाला, हे विज्ञानशिक्षकाला सुखावणारे आहे.

या फितीबद्दल नेहमी असे सांगितले जाते की फाळके रोज एक चित्र घेत. येथे आपली पट्टी बाहेर काढू. एक मिनिटाची फीत म्हणजे ६० फूट आणि ९६० चित्रे. रोज एकच चित्र घेतले तर ३० दिवसांत ३० चित्रे होतील आणि ती दोन सेकंदांत संपतील. वेल दिसण्याआधीच खेळ संपला! मग मिनिटाचा हिशेब जमावा कसा? एक शक्यता अशी की दिवसाला ३२ चित्रे घेतली, म्हणजे बारा तासांच्या उजेडात दर बावीस-तेवीस मिनिटांनी एक. असे केले तर वाढ सलग दिसते, पण माणूस महिनाभर कुंडीशी बांधला जातो. दुसरी शक्यता अशी की दिवसातून एकदाच, पण एकदम दोन सेकंदांचे चित्रण केले. त्या काळच्या कॅमेऱ्याच्या दांड्याच्या एका फेऱ्यात साधारणपणे आठ चित्रे होत, म्हणजे चार फेरे. त्यानेही मिनिट भरते, मात्र रोप दोन सेकंद स्थिर राहून मग टुणकन उडी मारील. ती फीत आज उपलब्ध नाही. त्यामुळे निकाल मुलांनीच प्रयोग करून लावावा. आमच्याकडे थंडीत हरभरा सर्वत्र असतो. काचेच्या पेल्यात ओल्या मातीत काचेलगत दाणा ठेवावा, समोर मोबाइल पक्का बांधावा आणि दोन्ही रीतींनी चित्रे घेऊन पाहावी. आमच्या मुलांनी हे केले तेव्हा त्यांना सर्वांत जड गेले ते मोबाइल न हलू देणे. रोज काढला आणि पुन्हा ठेवला की हरभऱ्याऐवजी पेलाच नाचू लागे. शिवाय सकाळच्या आणि संध्याकाळच्या उजेडात फरक पडून चित्र लुकलुके. फाळक्यांच्या कौशल्याची खरी जाणीव मुलांना तेथे झाली.

भांडवल उभे राहिले. घरातले दागिनेही गहाण पडले आणि दादरच्या ज्या रस्त्याला आज फाळक्यांचेच नाव आहे, तेथील मथुराभवनात ‘राजा हरिश्चंद्र’चे काम सुरू झाले. पडद्यामागच्या गमती बहुतेकांना ठाऊक आहेत. तारामतीच्या भूमिकेला कोणी स्त्री मिळेना, म्हणून एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. स्त्रीपात्रे करणारे पुरुष मिशा काढायला तयार नसत, कारण वडील हयात असताना मिशी उतरवणे अशुभ. दत्तात्रय दामोदर दाबके हरिश्चंद्र झाले आणि फाळक्यांचा मुलगा भालचंद्र रोहिदास. त्र्यंबक तेलंग या मित्राला फाळक्यांनी कॅमेरा चालवायला शिकवले. हा ‘चालवणे’ शब्द अक्षरशः घ्यायचा. सेकंदाला दोन या गतीने दांडा फिरवत राहायचे, समोर कितीही करुण प्रसंग असो, हाताची लय बिघडवायची नाही. कॅमेरामनचा हात हेच तेव्हाचे घड्याळ होते.

आमच्या दृष्टीने खरी कथा रात्रीची आहे. दिवसभर चित्रण चाले, कारण दिवा म्हणजे सूर्य. सरस्वतीबाई फाळके सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करीत, चित्रणाच्या वेळी नटांवर उजेड पडावा म्हणून पांढऱ्या चादरी धरून उन्हात उभ्या राहत, आणि रात्री, मुले निजल्यावर, अंधाऱ्या खोलीत दुसऱ्या दिवसाच्या कोऱ्या फितीला छिद्रे पाडीत. फीत धुण्याची रसायने कालवणे, धुतलेली फीत तपासणे, जोडणे, हेही त्यांनी शिकून घेतले होते. तारामतीची भूमिका फाळक्यांनी त्यांना देऊ केली होती, ती त्यांनी नाकारली. इतकी कामे हातात असताना चेहऱ्याला रंग लावायला वेळ कोठून आणणार, हा त्यांचा सवाल कोणत्याही घरकाम करणाऱ्या बाईला पटेल.

हे काम किती होते, याचा अंदाज करता येतो. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी ३७०० फूट, चार रिळे. फुटाला एका बाजूस ६४, दोन्ही बाजूंस १२८ छिद्रे. ३७०० ला १२८ ने गुणले की ४,७३,६०० येतात. चित्रण जिच्यावर होते ती निगेटिव्ह फीत आणि पडद्यावर दाखवायची प्रत, दोन्हींची छिद्रे घरी पाडली असे धरले तर आकडा साडेनऊ लाखांच्या जवळ जातो. वाया गेलेली फीत यात धरलेली नाही. कोणत्याही छिद्राची जागा चुकली की तेथे चित्र थरथरणार. प्रकाशात आणून तपासावे तर फीत वाया. बोटांना अंतर ठाऊक असल्याखेरीज हे काम होत नाही. चित्रपट सहा महिने सत्तावीस दिवसांत पुरा झाला. एवढ्या दिवसांत सरस्वतीबाईंच्या वाट्याला किती मोकळ्या रात्री आल्या असतील?

छिद्रे चुकली तर काय होते, याचा दाखला हॉलिवूडकडूनच मिळतो, आणि तोही आपल्यानंतरचा. २९ डिसेंबर १९१३ रोजी, म्हणजे ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित होऊन सात महिने उलटल्यावर, सेसिल डीमिल आणि ऑस्कर ॲप्फेल यांनी हॉलिवूडमधल्या एका भाड्याच्या कोठारात ‘द स्क्वॉ मॅन’चे काम सुरू केले. हॉलिवूडमध्ये तयार झालेला पहिला पूर्ण लांबीचा कथापट म्हणून तो गाजतो. चित्रण संपले. भागीदार, नट, त्यांच्या बायका असे सर्वजण उत्सुकतेने कोठारात जमले. दिवे मालवले. पडद्यावर शीर्षक आले आणि वर सरकून निघून गेले. मग नट आले, तेही सरकू लागले. कधी मुंडके पडद्याच्या वर, कधी पाय खाली. यंत्र थांबवून पुन्हा लावले, पुन्हा तेच. सगळे भांडवल त्या फितीत अडकलेले होते. अखेर फिलाडेल्फियाच्या सिग्मंड ल्युबिन या चित्रपट-कारखानदाराकडे फीत नेली. ल्युबिन प्रतिस्पर्धी गटातले, तरी त्यांनी मदत केली. दोष छिद्रांत होता! काटकसर म्हणून एक जुने ब्रिटिश यंत्र घेतले होते आणि कोरी फीत त्यावर घरीच छिद्रित केली होती. तिला फुटात ६४ ऐवजी ६५ छिद्रे पडली, असे सांगतात. कडेला पट्टी चिकटवून नव्याने छिद्रे पाडण्यात आली आणि फेब्रुवारी १९१४ मध्ये चित्रपट लोकांपुढे आला.

एका जास्तीच्या छिद्राने एवढा गोंधळ? मुलांना विचारून पाहावे. फुटात ६५ छिद्रे म्हणजे सव्वासोळा चित्रे. ६४ छिद्रांच्या फितीत सोळाच मावतात. म्हणजे एका फुटाला पाव चित्राची तफावत पडते. चार फुटांत, म्हणजे चार सेकंदांत, एक सबंध चित्र सरकले. प्रत्येक छिद्रात मोजली तर ही चूक मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी आहे. चुका साठत गेल्या की काय होते, हे शिकवायला याहून चांगले उदाहरण आम्हाला माहीत नाही. यंत्र दोन्हीकडे ब्रिटिशच होते. दादरच्या घरात मात्र अशी वेळ आली नाही.

२१ एप्रिल १९१३, सोमवार. ग्रँट रोडच्या ऑलिंपिया थिएटरात निमंत्रितांसाठी आणि वृत्तपत्रांच्या प्रतिनिधींसाठी पहिला खेळ झाला. चित्र सरकले नाही. शनिवार, ३ मे रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये तिकीट लावून प्रदर्शन सुरू झाले. (त्याच कॉरोनेशनमध्ये १८ मे १९१२ रोजी दादासाहेब तोरण्यांचा ‘श्री पुंडलिक’ दाखवला गेला होता. ते नाटकाचे चित्रण होते आणि फितीवरची प्रक्रिया परदेशात झाली होती, यावरून पहिला कोण हा वाद चालतो. आम्ही त्यात पडत नाही, पण छिद्रांपासून प्रतीपर्यंत सारे येथे झाले ते फाळक्यांचे, एवढे नोंदवतो.) प्रेक्षकांना नुसत्या मूकपटाची खात्री नसल्याने जोडीला मिस आयरिन डेल मार यांचे नृत्य, विनोदी प्रवेश आणि पायांनी कसरत करणारा अलेक्झांडर असा भरगच्च कार्यक्रम होता.

मुंबईबाहेरचा अनुभव वेगळा होता. सुरतेला पहिल्या दिवशी तीन रुपये जमले, अशी कथा आहे. तेथले लोक तेवढ्या पैशांत रात्रभर नाटक पाहणारे, त्यांना तासाभराचा खेळ महाग वाटला. फाळक्यांनी नवी जाहिरात काढली. तिचा मथितार्थ असा की सत्तावन्न हजार छायाचित्रे, दोन मैल लांबीचे चित्र, आणि सारे फक्त तीन आण्यांत. गर्दी लोटली. ही जाहिरात शंभर वर्षे लोक कौतुकाने सांगत आले आहेत. तिच्यातले दोन आकडे एकमेकांशी पटतात का, हे फारसे कोणी पाहत नाही.

आपण पाहू. ५७,००० भागिले १६ म्हणजे साडेतीन हजार फुटांपेक्षा थोडे अधिक, ३५६२ फूट. प्रत्यक्ष लांबी ३७०० फूट सांगतात, म्हणजे छायाचित्रांचा आकडा जवळजवळ प्रामाणिक आहे, किंबहुना किंचित कमीच. पण मैल ५२८० फुटांचा. दोन मैल म्हणजे १०,५६० फूट. चित्रपट खरे तर पाऊण मैलाचाही नव्हता! एका वाक्यात खरा आकडा आणि त्याला लागूनच तिप्पट फुगवलेला. निगेटिव्ह आणि प्रत दोन्ही जोडली तरी दीड मैल भरत नाही, हेही आम्ही करून पाहिले. जादूगाराने एक हात उघडा दाखवावा म्हणजे दुसऱ्याकडे कोणी पाहत नाही, ही फाळक्यांची जुनी विद्या येथे कामी आली असावी.

याच हिशेबाने आणखी एक गाठ सुटते. काही ठिकाणी ‘राजा हरिश्चंद्र’ चाळीस मिनिटांचा होता असे छापलेले असते, तर काही ठिकाणी तासाभराचा. सेकंदाला एक फूट या गतीने ३७०० फूट एक तास, एक मिनिट, चाळीस सेकंद चालतात. बोलपट आल्यावर गती सेकंदाला २४ चित्रे, म्हणजे दीड फूट झाली. त्या गतीने तीच फीत ४१ मिनिटांत संपते. जुने मूकपट पाहताना माणसे ठुमकत, घाईघाईने चालताना दिसतात, आणि तेव्हाचे लोक असेच चालत असतील असे मुलांना वाटते, त्याचेही कारण बहुधा हेच. तेलंगांच्या हाताचे घड्याळ आणि नंतरच्या मोटारीचे घड्याळ यांत दीडपटीचे अंतर आहे.

त्या ३७०० फुटांपैकी आज पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात १४७५ फूट आहेत, पहिले आणि चौथे रीळ. मधली दोन मिळालेली नाहीत. तेव्हाची फीत नायट्रेटची, झटकन पेट घेणारी आणि जुनी झाली की आपोआप कुजणारी. जी आगीतून वाचली त्यांपैकी पुष्कळ फीत त्या काळी तिच्यातली चांदी काढून घेण्यासाठी धुतली गेली. हे संग्रहालयच १९६४ मध्ये स्थापन झाले, तोवर मूकपटांचा काळ संपून तीस वर्षे झाली होती. उरलेली रिळे १९१३ ची की १९१७ मध्ये फाळक्यांनी हीच कथा पुन्हा चित्रित केली तिची, याविषयीही अभ्यासकांत मतभेद आहेत. १४७५ फूट म्हणजे २३,६०० चित्रे आणि जवळपास पंचवीस मिनिटे. पहिल्या रिळात राजा मुलाला धनुष्यबाण शिकवीत असतो, शेजारी तारामतीच्या वेषात साळुंके उभे असतात. चित्र जागचे हलत नाही.